तानबाचा गोल

तळेगावच्या तानबाने तीन वर्षं परदेशात शेती केली, असं तो सांगायचा. खरं म्हणजे तीन वर्षं त्याने चाकांना ग्रीस लावलं. एका वाळवंटी मुलखाच्या सरकारने मनावर घेतलं होतं, की आपला गहू आपणच पिकवायचा, बाहेरून दाणा आणायचा नाही. त्यासाठी वाळूत खोल विहिरी पाडल्या आणि प्रत्येकीवर चाकांवर चालणारा लांबलचक नळ बसवला. तो विहिरीभोवती फिरत पाणी शिंपडायचा आणि वाळूत गव्हाचा हिरवागार गोल उठायचा. त्या चाकांची सेवा तानबाकडे होती.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो परतला तो टेपरेकॉर्डर, गॉगल आणि डोक्यात गोल घेऊन.

"वाळूत गहू काढून राह्यले ते लोक," चहाच्या टपरीवर तो सांगायचा. "आन् आपण काळ्या मातीत असून काऊन मांगं? वावरं चौकोनी हायेत म्हणून!"

लोक माना डोलवायचे. गॉगलवाल्याला खोटं पाडायची तळेगावात अजून पद्धत नव्हती.

घरी मात्र वच्छलाबाई होती, त्याची बायको. बहात्तरच्या दुष्काळात तिने रेशनच्या रांगेत उभं राहून परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणली होती, आणि थापताना फाटणाऱ्या त्या भाकरीपुढे बसून रडली होती. तेव्हापासून विकतचा दाणा कणगीत पडू द्यायचा नाही, हा तिचा हट्ट. नवरा तिकडे ग्रीस लावत होता तेव्हा तिफणीमागे स्वतः चालून तिने तो पाळला होता.

तानबाने घरच्या चार एकरांत पावसाळाभर काही पेरू दिलं नाही. पोळा झाल्यावर वावराच्या मधोमध खुंटा ठोकला, त्याला दोर बांधला आणि दोराच्या टोकाने भोवती रेघ ओढली. बैलांचा जन्म सरळ तासात गेलेला. गोल फिरताना ते सारखे थांबून मागे बघायचे. शेजारचा चंद्रभान दोन वावरांमधल्या धुऱ्यावर तंबाखू मळत बसला होता.

"तानबाभाऊ, तो फिरता नळ कुठी हाय?"

"येईन मांगून."

नळ तिकडेच राहिला होता. तळेगावात आला होता तो नुसता गोल.

"आन् हे चार कोपरे?" वच्छलाबाईने विचारलं.

"तिकडं कोपऱ्यात काईच पेरत नाई."

"तिकडं तुमची बायको नोती," म्हणून तिने ओटीत ज्वारी घेतली आणि चारही कोपरे पेरून टाकले.

तानबाची विहीर धुऱ्याला, आणि पाणी आपल्या उताराने धावणारं. गोलाची त्याला काय पत्रास! अर्धा गहू पाण्यात पिवळा पडला, अर्धा पाण्यावाचून करपला. सुगीला गोलातून निघाला तो पाहुण्यांना एकदा पोळ्या घालण्यापुरता. कोपऱ्यांत मात्र पावसाळ्याची ओल धरून ज्वारी माणसाएवढी उभी राहिली. त्या ज्वारीने वर्षाची बेगमी झाली, जेमतेम, पण झाली. वच्छलाबाईला राग आला तो गोलाचा नव्हता. मी तिकडे असताना तू कसं पिकवलंस, हे या माणसाने एकदाही विचारलं नव्हतं, त्याचा होता.

उन्हाळ्यात ग्रामसेवकाने शाळेत तानबाचं भाषण ठेवलं. विषय, धान्यात स्वावलंबन. कोपऱ्यातल्या ज्वारीच्या दोन भाकरी खाऊन, गॉगल चढवून तो तासभर वाळवंटावर बोलला. टाळ्या पडल्या. वच्छलाबाई बायकांत बसून ऐकत होती. तिने टाळी वाजवली नाही.

पुढच्या पोळ्यानंतर तानबा पुन्हा खुंटा घेऊन वावरात गेला. ती मागोमाग आली.

"औंदा दोर निम्माच घ्या."

"काऊन?"

"कोपरे वाढतीन."

तानबाने धुऱ्याकडे पाहिलं. चंद्रभान तंबाखू मळायचा थांबला होता. तानबाने गॉगल काढून खिशात ठेवला आणि निम्मा दोर खुंट्याला गुंडाळला.

संध्याकाळी टपरीवर तो सांगत होता, "तिकडं आता लहान गोलाचीच पद्धत निघाली हाय."