धुळ्याच्या दारात माझा ठिपका

माझं सगळं बदललं ते पद्मालयाच्या टेकडीवर. मोटारसायकलच्या कॅरिअरला बांधलेल्या डब्यावरचा पोच देणारा लाल दिवा लुकलुकला आणि कळलं, धुळ्याच्या रेडिओ-स्टेशनाने मला ऐकलंय!

सकाळी जळगावहून निघालो होतो. हौशी रेडिओचं लायसन्स खिशात, इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षातच सोडलेलं. डब्याचं काम सोपं: मी कुठे आहे ते उपग्रहांवरून काढायचं आणि वायरलेसने हवेत सोडायचं. ते झेलून टेलिफोनच्या तारेतून इंटरनेटवर चढवणारं आमच्याकडे एकच स्टेशन, धुळ्यात, मनीषाच्या वडिलांच्या घरी. तिथून माझा ठिपका पुण्यातल्या सायबर कॅफेतही नकाशावर उमटतो. मनीषा पुण्यात शिकते, आणि रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते.

"तू लग्नाचं नुसतं बोलतोस," ती फोनवर म्हणाली होती. "भाऊंच्या दारात तुझा ठिपका दिसू दे, मी पाहुण्यांना नकार देते." भाऊ म्हणजे तिचे वडील. असं म्हटल्यावर घरात कोण बसणार?

पाळधीपर्यंत ट्रकच ट्रक. एरंडोलला चहा घ्याच, आलं भरपूर. टपरीवाले आबा डब्याभोवती फिरले. "हाई काय शे रे भो?"

"मी कोठे शे, ते बठ्ठा जगले सांगस." मीही अहिराणीतच सांगितलं, हा डबा सगळ्या जगाला माझा पत्ता देतो.

"मंग बापले काय सांगशी, कॉलेजमा शे म्हनीसन?"

बाकड्यावरचे सगळे हसले. मीही हसलो, काय करता!

सपाटीवर माझा सिग्नल कुणालाच पोचत नव्हता, म्हणून पद्मालयाचा फाटा धरला. रस्ता खडबडीत आहे, पाणी सोबत ठेवा. पण वर कमळांचं तळं, एकाच गाभाऱ्यात दोन गणपती आणि वारा! तिथेच तो दिवा लुकलुकला. त्या भरात डब्याची बटणं दाबून ठिपक्याखाली दोन आकडे जोडले: ८८. रेडिओवाल्यांत अठ्ठ्याऐंशी म्हणजे प्रेम. आकडे मनीषासाठी होते, पण जाणार होते भाऊंच्या कॉम्प्युटरमधून. ते ध्यानात आलं पारोळ्याला, शेवभाजीचा पहिला घास घेताना. (दहा-बारा रुपयांत पोटभर; तर्री बेताने घ्या, पुढे गाडी चालवायची असते.) आकडे काढले नाहीत. का काढू?

धुळ्यात पत्ता विचारावा लागला नाही, भाऊंचा अँटेना लांबूनच दिसतो. भाऊ स्क्रीनसमोरच बसले होते.

"या, अठ्ठ्याऐंशी! पद्मालयापासून माझ्या छपरावर धडकताय. कुणासाठी?"

"मनीषासाठी."

"माझ्याच स्टेशनावरून?"

"दुसरं आहे कुठे? आणि तुम्ही थांबवलं का नाही?"

भाऊ तडकले. "आलेलं पुढे पाठवणं हा स्टेशनाचा धर्म आहे. त्यात माझी मुलगी असो नाहीतर कलेक्टर! दारात आलेल्याचं काय करायचं ते मात्र मी ठरवणार. थांब, तिलाच विचारतो."

फोन लावायचा म्हणून त्यांनी इंटरनेट तोडलं. सकाळपासून अडकलेली लाइन मोकळी झाली आणि रिसीव्हर उचलण्याआधीच घंटी वाजली. पलीकडे मनीषाच होती. भाऊंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. सांगतो पाहुण्यांना." रिसीव्हर ठेवला.

"माझ्याशी बोलली नाही?" मी विचारलं.

"म्हणाली, पोचलेला दिसला." त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बस. चहा घे. कॉलेजचं बोलू."

जळगावला परतून आठवडा झाला. अंगदुखी गेली, शेवभाजीची चव गेली, पण त्या खोलीत मी दिलेलं उत्तर अजून ताजं आहे.

"चहाही आणि कॉलेजचं बोलणंही मनीषा आली की, भाऊ," मी म्हणालो, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.