ऑनिंगचा डावा दोर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं त्या माझ्या नवऱ्याला तर नाहीच. तुम्हालाच का सांगतेय – ठाऊक नाही. तुम्ही आमच्याकडे जेवायला येणार नाही म्हणून असेल.

मी हळवी बाई नाही. एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ट्रकांचं वेळापत्रक सांभाळते. ड्रायव्हर खोटं बोलायला लागला की पहिल्या वाक्यातच मला कळतं. तो चुकीपेक्षा स्पष्टीकरण मोठं देतो. मी मात्र स्पष्टीकरण दिलंच नव्हतं. दोन शब्दांत काम झालं होतं.

पण आधी कॅरव्हॅनचं सांगते.

आम्ही अमिरातीतल्या अल ऐनला राहतो. विनय, मी आणि युनिव्हर्सिटीत शिकणारी आमची सई. देश सोडून निघालेल्या एका मल्याळी कुटुंबाकडून विनयनं छोटी कॅरव्हॅन – गाडीमागे जोडायची चाकांवरची खोली – घेतली. दोन माणसं नीट झोपतील, तिसरं पाय दुमडून, एवढीच. पहिल्या खेपेला गावाबाहेरच्या वाळूपर्यंत नेली आणि मागे घेताना आमचा संसार मोडायची वेळ आली. कॅरव्हॅन जोडलेली असली की गाडी उलटी वागते. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की कॅरव्हॅन उजवीकडे जाते. मी बाहेर उभी राहून ओरडत होते, "डावीकडे! अरे, तुझं डावं नाही, तिचं डावं!"

"तिचं डावं म्हणजे कुठलं, ते एकदा ठरव," विनय खिडकीतून म्हणाला. "घरात दोघी आहात, त्यात ही तिसरी. माझं डावं कुणी विचारतच नाही."

सई वाळूत बसून हसत होती. तो इतका खूश मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. चहासुद्धा त्यानंच केला. त्यात वाळू होती. आम्ही प्यायलो.

सावली मात्र नव्हती. म्हणून ऑनिंग – कॅरव्हॅनच्या बाजूला लावायचं कापडी छत – बघायला आम्ही दुबईत रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. विनयला खांब ठोकून उभं करायचं, तीन बाजूंनी बंद होणारं, तंबूसारखं हवं होतं. मला गुंडाळीचं. हँडल फिरवलं की कापड बाहेर येतं, खाली दोन पाय टेकले की झालं.

"वाऱ्यात हे उडेल गं."

"पुढच्या दोन कोपऱ्यांना दोर बांधायचे. त्यात काय एवढं? तुझे खांब ठोकेपर्यंत सूर्य मावळेल."

दुकानदार खानसाहेब हसून म्हणाला, "सर, मॅडम बोल दिया तो खलास." गुंडाळीचं घेतलं. माझंच खरं झालं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यातूनच आलं – निदान मला तरी तसं वाटतं.

दुसरी खेप उम्म अल क्वैनजवळच्या किनाऱ्यावर. वाळूत खुंट्या धरत नाहीत. विनयनं पिशव्यांत वाळू भरून त्या खोल पुरल्या आणि दोन्ही कोपऱ्यांचे दोर त्यांना बांधले. बांधून झाल्यावर दोर ओढून पाहिला, पुन्हा पाहिला. ही त्याची सवय. आणि सवयीमागे एक भीतीही होती, हे मला माहीत होतं – फक्त मलाच. त्याचे वडील शेवटची वर्षं सगळं विसरले होते. सांगलीच्या घरात सख्ख्या मुलाला "आपण कोण?" असं अदबीनं विचारायचे. विनयनं त्यानंतर माझ्यापाशी एकदाच म्हटलं होतं, "माझं असं व्हायला लागलं तर तू मला सांगशील ना? लपवू नकोस."

मी हो म्हटलं होतं.

दुपारी तो आणि सई रस्त्यावरच्या कॅफेटेरियातून करक चहा आणायला चालत गेले. समुद्रात डुंबून आल्यावर टॉवेल ओले झाले होते. वाळत कुठे घालणार? आपल्याला दोर दिसला की वलणी सुचते. हाताला वळणच तसं असतं. मी ऑनिंगचा डावा दोर सोडला, कॅरव्हॅनच्या हँडलपासून गाडीच्या कॅरिअरपर्यंत ताणला आणि टॉवेल टाकले. म्हटलं, वाळले की परत बांधू. आत जाऊन पडले. डोळा लागला.

शमाल – इकडचा उत्तरेचा जोरदार वारा – सुटला तो कापड फाटल्याच्या आवाजानंच कळला. बाहेर आले तर ऑनिंग उलटं होऊन कॅरव्हॅनच्या टपावर गेलेलं, एक पाय वाकलेला. मी आधी काय केलं? ऑनिंग धरलं? नाही. मी वलणी काढली. दोर टॉवेलात गुंडाळला आणि टॉवेल आत टाकले. इतक्या सफाईनं – जणू कुणी शिकवलं होतं.

विनय धावत आला. हातातले चहाचे कप वाळूत पडले. त्यानं डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"मी बांधला होता ना गं?"

आणि मी म्हणाले, "विसरला असशील."

एवढंच. दोन शब्द. ऑनिंग मी निवडलं होतं, उडेल असं तो म्हणाला होता, आणि ते उडालं होतं माझ्या टॉवेलांपायी. म्हणून? इतक्याशा कारणासाठी? हो, इतक्याशाच.

"बाबा, इट्स ओके. इट्स जस्ट क्लॉथ," सई म्हणाली.

दुरुस्तीला पुन्हा रास अल खोर. खानसाहेबानं वाकलेला पाय पाहून माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "मॅडम, रस्सी नहीं बांधा?" मी तोंड उघडायच्या आत विनय म्हणाला, "मेरी गलती है, भाई. मैं भूल गया." मला दोष लागू नये म्हणून घाईनं म्हणाला. मी कापडाचे नमुने बघत उभी राहिले. निळा, राखाडी, पुन्हा निळा.

इथवर खोटं लहान होतं. मागे घेता आलं असतं. पण काही आठवड्यांनी, ऑफिसला जाताना गाडीत, तो समोर बघत म्हणाला, "मी मेमरीची टेस्ट करून आलो. तुला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं. नॉर्मल आहे म्हणाले."

"मग झालं तर."

"अगं, पण नॉर्मल असूनही मला ते बांधणं आठवतंय. दोर ओढून पाहिल्याचंसुद्धा आठवतंय. जे केलंच नाही ते आठवतं, याला काय म्हणायचं?"

सिग्नल लाल होता. वेळ होता. एका वाक्याचं काम होतं. तो हसला असता, चिडला असता, आठवडाभर टॉवेलांवरून टोमणे मारले असते – मला ठाऊक होतं. आणि तरीही – दोर सोडला हे सांगणं सोपं होतं हो. पण तो एकटा त्या टेस्टला जाऊन बसला आणि तोवर मी गप्प होते, हे कोणत्या तोंडानं सांगणार? सिग्नल हिरवा झाला. मी म्हणाले, "यल्ला, चल. उशीर होतोय."

आम्ही अजूनही जातो. कॅरव्हॅन जोडलेली गाडी आता मी चालवते; त्यानंच चावी माझ्या हातात दिली, "तुझं लक्ष असतं" म्हणून. मागे घेताना तो बाहेर उभा राहतो. डावं-उजवं कधी चुकवत नाही. तिचं डावं कुठलं, हा विनोद मात्र तो आता करत नाही.

वाळूच्या पिशव्या तोच पुरतो, दोर तोच बांधतो. मग मला हाक मारतो, "अगं, बघ जरा. बांधलाय ना मी?" मी हातातलं काम टाकून जाते. वाकते. गाठ ओढून बघते. तो शेजारी उभा असतो, माझ्या तोंडाकडे बघत.

"घट्ट आहे," मी म्हणते.

घट्टच असते. त्या दिवशीही होती.