ठोसर सर आणि शेवटचा रकाना

या हातांनी मी आजवर एकोणीस आकाशयाने, चार ग्रह, दोन तुरुंग, एक राजधानी आणि त्या राजधानीचे पाचशे चाळीस दिवे केले आहेत. यानांना सागवानी पट्टी, ग्रहांना कागदाचा लगदा, दिव्यांना जळालेल्या मोटारींतून काढलेली तांब्याची तार. थर्मोकोल कुठेही नाही. अमरावतीत माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. शिक्षण दहावी, पुढचे सारे माझे मीच शिकलो. हे फुशारकीने सांगत नाही (थोडी आहेच), तर मनोहरराव ठोसर सरांनी पहिल्या भेटीत यातले काय काय मोडीत काढले ते वाचकांना नीट कळावे म्हणून सांगतो.

ती भेट अकोल्यातली. ज्या शाळेत सरांनी उभी हयात इतिहास शिकवला, तिथल्या प्रदर्शनात मी माझ्या विज्ञान-कादंबरीतले दुष्ट साम्राज्य मांडले होते. वेशीवर कवटी, खाली तांबड्या अक्षरांत ‘खबरदार’. सर चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, “चाळीस हजार शिपाई उभे केले तुमी या उजाड ग्रहावर. याइले जेवाले कोन घालते, बापा?”

मी म्हणालो, सम्राट क्रूर आहे, त्याला सगळे भितात.

“भेवानं पोट भरत नाही.”

तीन दिवस मी रागात होतो. चौथ्या दिवशी हस्तलिखित घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. त्याला आता सात वर्षे झाली. एकही प्रकरण सरांनी न वाचता परत केले नाही, आणि माझ्या शिक्षणाचा उल्लेख एकदाही केला नाही. मला कावीळ झाली तेव्हा दर गुरुवारी ते एसटीने अमरावतीला येत. एका पिशवीत तपासलेले प्रकरण, दुसरीत त्यांच्या पत्नी विमलकाकूंनी दिलेले मुगाचे वरण.

सरांचे म्हणणे एवढेच होते की राजा दुष्ट असून भागत नाही. त्याला रोज सकाळी साडेदहाला डबा घेऊन कामावर येणारी साधी माणसे लागतात. खऱ्या जुलमी राजवटी कागदावर चालल्या, आणि त्या कागदात कर्ता नसतो. ‘मी तुला पकडतो’ असे कुणी लिहीत नाही. ‘ताब्यात घेण्यात येत आहे’ असे लिहितात. कोण घेतो? कुणीच नाही. माझी कवटी त्यांनी काढायला लावली आणि पाटीचा नवा मजकूर स्वतः सांगितला: ‘आपल्या सोयीसाठी नोंद करण्यात येत आहे.’

ती पाटी घेऊन आम्ही मोर्शीच्या ग्रंथप्रदर्शनाला गेलो. पाटीखाली मी टेबल ठेवले, दोऱ्याने बांधलेली दोन पेने, स्वतः कोरलेला शिक्का आणि तीनशे छापील अर्ज. मांडणी खरी दिसायची तर अर्जांचा गठ्ठा हवा, हा माझा हट्ट. अर्जात नाव, पत्ता, घरातली माणसे. आणि शेवटचा रकाना: ‘शेजारी कोण राहतात? त्यांच्याकडे कोण येते-जाते?’ हे साम्राज्य कादंबरीतले आहे, असे मागच्या फलकावर ठळक लिहिले होते.

आम्ही दुपारी जेवायला गेलो. परत आलो तो टेबलापुढची रांग दाराबाहेर गेली होती. लोक अर्ज भरत होते. वरूडचे एक संत्र्याचे व्यापारी मला म्हणाले, “साहेब, आधारची झेरॉक्स लावा लागते का?”

सरांनी त्यांना हात जोडून सांगितले की हे खोटे आहे, गोष्टीतले आहे.

“गोष्टीतलं असू द्या ना. पावती भेटन का नाही?”

रांगेतले काही जण हसले. पण रांग मोडली नाही. शेवटी सरांनी टेबलच उचलून भिंतीकडे फिरवले.

भरलेले अर्ज दोनशे बारा झाले. मी दोनदा मोजले. बहुतेकांचा शेवटचा रकाना सर्वांत भरगच्च होता. जागा पुरली नाही म्हणून एका बाईंनी पाठीमागे लिहिले होते: शेजारी कोणत्या गाडीने कोण येते, किती वाजता, आणि बोलताना दार का लावतात. सर ते वाचून खुर्चीवर बसले. म्हणाले, “आपन बरोबर लिवलं. म्हून भेव वाटून राह्यलं मले.”

आजही कुठे टेबल आणि दोऱ्याला बांधलेले पेन दिसले की मी आधी वरची पाटी वाचतो. मी हसण्यावारी नेत नाही. ते टेबल मी केले होते, माझ्या हातांनी.

सर तो गठ्ठा अकोल्याला घेऊन गेले आणि गव्हाच्या कोठीत दडवला. आठ दिवस दाराची कडी वाजली की ते आधी कोठीकडे बघत, असे काकू सांगतात. नवव्या दिवशी एक सुटाबुटातले गृहस्थ माझ्या दुकानात आले. त्यांनी मोर्शीची रांग पाहिली होती. भरलेले अर्ज त्यांना हवे होते. कशासाठी ते ‘नंतर कळविण्यात येईल’ म्हणाले. मी त्यांना सरांच्या घरी घेऊन गेलो. का नेले, हे सरांनी मला कधी विचारले नाही, हा त्यांचा माझ्यावरचा सर्वांत मोठा उपकार.

सरांनी त्यांना पाणी दिले, पूर्ण ऐकून घेतले आणि नाही म्हणाले. ते गेल्यावर काकूंनी बादली मांडली. आम्ही तिघांनी एकेक अर्ज फाडून भिजवला, शाई उतरून पाणी निळे होईपर्यंत.

पंच्याहत्तरी पूर्ण करणाऱ्या सरांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, गुडघे त्यांना एसटीची पायरी चढू देवोत, आणि काकूंसह त्यांची शंभरी आम्हा सर्वांना पाहायला मिळो.

त्या गृहस्थांनी अर्जांसाठी देऊ केलेल्या रकमेबद्दल गावात वेगवेगळे आकडे सांगितले जातात, म्हणून इथे अचूक देतो. अर्जामागे एक हजार रुपये, रोख, त्याच दिवशी. सरांनी नाकारले ते दोन लाख बारा हजार.