झबलं : कुसुम

कोणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी मोबाईल काढून बसते. घाबरते म्हणून नाही, खरंच कंटाळा येतो. त्यामुळे अशा सदरात आपण स्वतः कधी काही लिहू असं वाटलं नव्हतं... लिहितानाही दोनदा सगळं पुसलंय. शाळा इंग्रजी, मराठी घरातलं, तेव्हा भाषा जरा सांभाळून घ्या.

मी म्हैसूरची. नजरबादमध्ये एका मराठी मंडळाचं वाचनालय आहे, नाव लिहीत नाही. खाली लग्नामुंजीचा हॉल, वर पुस्तकांच्या दोन खोल्या. गेल्या उन्हाळ्यात तिथला कॅटलॉग कॉम्प्युटरवर नीट शोधता यावा, हे कॉन्ट्रॅक्टचं काम माझ्याकडे होतं. पंखा होता, पण वाऱ्यापेक्षा आवाज जास्त. संध्याकाळी घरी गेल्यावर बोलायचंही त्राण नसायचं.

काम समजायला सोपं आहे. शोधाच्या चौकोनात ‘लेखक’ लिहायचं, पुढे दोन टिंबं, मग नाव. टिंबांच्या आधीचा शब्द सांगतो कुठे शोधायचं, नंतरचा सांगतो काय शोधायचं. असे शब्द सिस्टिमला आधी शिकवावे लागतात. एका फाईलमध्ये प्रत्येक शब्दासमोर लिहायचं, की हा आला तर नोंदीतल्या अमुक रकान्यात बघ. न शिकवलेला शब्द कोणी टाकला तर सिस्टिम थांबते आणि सांगते — ‘असा रकाना नाही’. हे वाक्य, ज्या दिवसाचं सांगतेय त्याच सकाळी, मी मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहून ठेवलं होतं.

मी शिकवले होते चारच शब्द. लेखक, नाव, विषय आणि दाता.

‘दाता’ घ्यावा लागला, कारण तिथल्या जुन्या स्वयंसेवकांनी एक घोळ करून ठेवला होता. आमच्या लोकांत कोणी वारलं की घरची पुस्तकं मंडळाला देतात, आणि मग वडिलांचं नाव लागलंय का ते बघायला मुलं येतात. नाव वरच दिसलं पाहिजे! म्हणून स्वयंसेवकांनी देणाऱ्याचं नाव सरळ लेखकाच्या रकान्यात घातलं होतं, आणि ‘दाता’ला मला तोच रकाना दाखवावा लागला.

“अगं, सगळ्यांना लेखक करून टाकलंय,” मंडळाचे सेक्रेटरी राव अंकल हसत म्हणाले होते. “आमचे अण्णा पोस्टात होते, दोन ओळींचं पत्र सुद्धा आईकडून लिहून घ्यायचे. आता बघ, त्यांच्या नावावर शब्दकोश आहे.”

त्या आठवड्यात लीलाक्का रोज येत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, बारीक, कायम इस्त्रीची कॉटनची साडी. त्यांच्या यजमानांचं मंडी मोहल्ल्यात टेलरिंगचं दुकान होतं. ते गेल्यावर मुलाने घरातली पुस्तकं पोत्यांत भरून मंडळाला दिली. लीलाक्कांना त्यातलं एक हवं होतं. कुठलं, ते माहीत नव्हतं. त्या कन्नड वाचतात. मराठी पुस्तकं यजमानांची.

आधी मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून येतात. मी फार बोलत नाही, त्यांनाही ते चाललं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं.

त्यांना एक मुलगी झाली होती. कुसुम. पहिल्या वाढदिवसाला घालायचं झबलं यजमानांनी तिच्या मापाने कागदावर कापून ठेवलं, पण सीझन दसऱ्याचा. टेलरच्या घरात गिऱ्हाइकाचं आधी, घरचं शेवटी. ऑर्डरी संपायच्या आत मूल तापाने गेलं. झबलं शिवलं गेलंच नाही. फोटो काढायचाही राहून गेला होता.

“तो कागद तेवढा आहे गं पुट्टी,” त्या म्हणाल्या. पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी. “हे पुस्तकांना ब्राउन पेपर घालायचे ना, त्याच्या आत ठेवलेला. मला दाखवलेला एकदा. मी म्हटलं, बेडा, नको, आत ठेवा. मग कधी विचारलंच नाही. केवढी होती ती, तेच आता आठवत नाही मला. हात असा धरते, तर मोठी वाटते. असा धरते, तर लहान.”

मी कपाटांकडे पाहिलं.

अडचण अशी होती, की मंडळातल्या सगळ्याच पुस्तकांना ब्राउन पेपरची कव्हरं होती, यजमानांनी घातलेल्यांवर सुद्धा वरून आणखी एक. आणि निम्मी पुस्तकं हुणसूरच्या एका शाळेला द्यायची ठरली होती. खोके टेप लावून जिन्यापाशी रचलेले, टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार. तिथे गेल्यावर कव्हरं फाडून पोरं नवी घालणार, हे उघड होतं.

त्या दुपारी ‘दाता’ चालू झाला. पहिला शोध मी लीलाक्कांच्या यजमानांच्या नावाने केला. बरीच पुस्तकं आली, सगळी कपाटांतलीच. आम्ही दोघींनी एकेक कव्हर उचकटून पाहिलं. बसची तिकिटं निघाली, उदबत्तीच्या पुड्याचा कागद निघाला. झबलं नाही.

“पोती एकत्र ओतली होती त्या वेळी,” राव अंकल म्हणाले. “कुणाचं कुठे गेलं, देवाला ठाऊक. लीलाक्का, आता खोके उघडायला सांगू नका हं. माझी कंबर गेलीय बांधून बांधून.”

“तुमची कंबर कधी होती हो?” लीलाक्का म्हणाल्या. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता.

त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. “हे टिंबाच्या आधी कुठे बघायचं ते, आणि नंतर काय बघायचं ते. असंच ना?”

“हो.”

“मग तसं टाक की. झबलं. टिंब. कुसुम.”

मी त्यांना समजावायला हवं होतं, की असा रकानाच नाही. पण मी थकले होते. वाटलं, मी नाही म्हणण्यापेक्षा मशीनला म्हणू दे. म्हणून टाईप केलं — झबलं:कुसुम — आणि एंटर दाबलं. ‘असा रकाना नाही’ हे त्यांना कन्नडमध्ये वाचता येईल, एवढाच विचार होता डोक्यात.

तो मेसेज आला नाही. एक पुस्तक आलं.

मधमाश्या पाळण्याचं काहीतरी जुनं पुस्तक. लेखकाच्या रकान्यात राव अंकलचे अण्णा. जागा — हुणसूरचा खोका. मी नोंद उघडून वरपासून खालपर्यंत वाचली. त्यात झबलं हा शब्द नव्हता, कुसुम नव्हता.

राव अंकल मागे येऊन उभे होते. “अण्णांना मधमाश्या?” ते म्हणाले. मग खिशातली किल्ली काढून त्यांनी खोक्याची टेप कापली. तिसऱ्या खोक्यात सापडलं.

वरचं कव्हर मी काढलं. आत दुसरं होतं, जुनं, दुमडी अगदी सरळ — टेलरच्या हातची. त्याच्या आत घडी केलेला पातळ खाकी कागद. लीलाक्कांनी तो टेबलावर उघडला. गळा, दोन बाह्यांची भोकं, बस. कागदावर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी तो उचलून पदरावर, छातीशी धरला आणि दुसरा हात त्याच्याखाली दिला... मूल घेतल्यासारखा. हात बरोबर बसला.

“एवढीच होती,” त्या म्हणाल्या. “आयतु, झालं. एवढीच होती.”

राव अंकल जिन्यात जाऊन उभे राहिले. पाठमोरे.

नंतर मी सॉफ्टवेअरवाल्या कंपनीला फोन केला. लॉगमध्ये तो शोध आहे — शब्द तेच, निकाल एक. “कॅशचा काहीतरी प्रॉब्लेम असेल मॅडम,” तो मुलगा म्हणाला. कसला, ते त्याला सांगता आलं नाही. कॅशमध्ये आधीचे शोध राहतात; हा तर आधी कोणी केलाच नव्हता. न शिकवलेला शब्द गाळून टाकला असं धरलं, तरी नुसत्या कुसुमनेही ते पुस्तक येत नाही. मी करून पाहिलंय. हे सगळे मुद्दे मला पाठ आहेत, आणि त्यातून काहीही निघत नाही.

लीलाक्कांना मात्र यात नवल असं काही वाटलंच नाही. त्यांनी सांगितलं तसं मी टाकलं आणि मिळालं, एवढंच. निघताना कागद पिशवीत घालून त्या परत टेबलापाशी आल्या.

“पुट्टी, आता ते काढून टाक हं. झबलं, टिंब. कुणीही येऊन टाकेल, कुसुम कुठे आहे बघेल. नको ते. झालं आता.”

“काढते,” मी म्हटलं.

त्या उभ्याच राहिल्या. म्हणून मी फाईल उघडली. लेखक, नाव, विषय, दाता. पाचवं काही नव्हतंच काढायला. मी फाईल तशीच बंद केली. “काढलं.”

त्या गेल्यावर मी तेच परत टाईप केलं. ‘असा रकाना नाही’, तिन्ही भाषांत. त्यानंतरही अनेकदा केलंय, घरून सुद्धा. दर वेळी तेच येतं.

मी काहीही काढलेलं नाही. पण ते काढलं गेलंय.