पहारा सोडवायला माणूस

कोकणातल्या आमच्या तटरक्षक ठाण्याची जुनी प्रशिक्षणाची शेड पाडणार असं कळलं, आणि माझं डोकंच फिरलं. नवी इमारत होणार, होऊ दे. पण पाडण्याआधी नव्या पोरांना ठाण्याचा इतिहास सांगायला मला बोलावलं होतं. मी त्याच शेडमध्ये शिकलो, पुढे तिथेच शिकवलं. गाडी पाठवतो म्हणाले.

पुण्याजवळ सूसला अकराव्या मजल्यावर राहायला येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. अर्धांगवायूने बायकोची डावी बाजू गेली, मुलगा हिंजवडीत नोकरीला, म्हणून आम्ही इथे. जन्मभर समुद्र बघितलेला मी, आता समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे बघायचो. तिला एकटं ठेवता येत नसे. भाजीला खाली उतरलो तरी जीव वर टांगलेला. खोटं कशाला बोलू, कोंडून घातल्यासारखं व्हायचं, आणि वड्याचं तेल वांग्यावर निघावं तसा राग तिच्यावर निघायचा.

त्या भाषणासाठी महिनाभर वही भरत होतो. सुरुवातीला ठाणं म्हणजे मिठाचं जुनं गोदाम. बोट एकच, तीही निम्मा वेळ दुरुस्तीला. मग जमिनीवर चुन्याने जहाजाचा डेक आखायचा आणि त्यावर पोरांना पळवायचं. एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून कडक: पहारा सोडवायला दुसरा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. वादळ असो, ताप असो. कितीतरी पोरांच्या डोक्यात मी तो ठोकून बसवला.

त्या सकाळी बूट चकचकीत करून मी तयार. जवळच्या चांदे गावातून घरकामाला येणाऱ्या मावशी दिवसभर हिच्यापाशी बसणार होत्या. त्यांचाच फोन आला.

"काका, आज न्हाई जमायचं. आमच्या जमिनीची मोजणी हाय, समदे भाऊ आल्यात. मी हितं न्हाई थांबले तर माझा हिस्सा गेला बगा."

त्यांना काय बोलणार? मुलाला फोन लावला, तो मीटिंगमध्ये. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

मी वही टेबलावर आपटली. "दोन वर्षांत एक दिवस मागितला! एक दिवस!"

ती पडल्या पडल्या बघत होती. तिची जीभ जड झालीय, शब्द सावकाश येतात.

"त्या वहीत माझं काही आहे?"

"तुझं काय असणार त्यात?"

"तिथे आधी मेस नव्हती. बारा पोरांचा भात कोण रांधत होतं?" ती दम खायला थांबली. "तुम्ही आठ-आठ दिवस बोटीवर. आपला पोरगा तापाने फणफणलेला, मी क्वार्टरच्या दारात बसलेली. तेव्हा मला सोडवायला कोण आलं होतं?"

मला लाज वाटली, फार लाज वाटली.

गाडीवाल्याला परत जायला सांगितलं. बूट काढले, खुर्ची तिच्या पलंगाशी ओढली आणि वहीचं कोरं पान उघडलं. पेन हातात होतं, पण डोळे भरून आले होते, काही दिसत नव्हतं.

"रडताय काय," ती म्हणाली. "उशिरा का होईना, आलात ना. आता बसा."