पिनरमधला जॉर्जियन रांजण

ऐंशीच्या दशकात लंडनजवळ पिनरला आमच्या शेजारी एक जॉर्जियन म्हातारा राहायचा, सोव्हिएत रशियाकडच्या जॉर्जियातला. दुसऱ्या महायुद्धानंतर इकडे अडकलेला, एकटा. परत जायची सोय नव्हती. ग्रीनहाउसमध्ये त्याने गावाकडून आणवलेल्या काडीचा द्राक्षाचा वेल वाढवला होता, आणि तिथेच जमिनीत गळ्यापर्यंत मातीचा रांजण पुरला होता. दरवर्षी द्राक्षं सालाबियांसकट चेचून त्यात ओतायची. यीस्ट नाही, साखर नाही. वाइन आपली आपण होते, म्हणायचा.

एका वर्षी त्याला कॅन्सर निघाला. आमचे हे त्याच हॉस्पिटलात डॉक्टर. मला स्पष्टच म्हणाले, ख्रिसमस काढला तरी खूप. म्हाताऱ्याला एकच हवं होतं, मरण्याआधी गावच्या चवीची घोटभर वाइन. नवी, कच्ची असली तरी चालेल. पण हातांत जोर नव्हता. मी म्हटलं, मी करते. मला मेलीला नसती हौस.

द्राक्षांवर पांढरट धूळ दिसली. मी पडले डॉक्टरची बायको, त्यात घरात तान्हं बाळ. बाळाच्या दुधाच्या बाटल्या निर्जंतुक करायचं औषध बादलीत ओतलं, द्राक्षं दोनदा खळखळून धुतली, रांजणही त्यानेच घासला. धुऊ नकोस, हे सांगायचं त्याला सुचलं नाही. त्याच्या गावात कोण धुतंय? आणि विचारायचं मला सुचलं नाही.

तो रोज काठी टेकत यायचा आणि रांजणाच्या तोंडाशी कान लावायचा. चार दिवसांत आत खदखदायला हवं होतं. पंधरवडा गेला तरी चिडीचूप. मग वर हिरवी बुरशी धरली. मी घाबरून यांना विचारलं. "अगं, यीस्ट त्या सालावरच असतं. मारून टाकलंस की सगळं."

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने विचारलं, "द्राक्षं धुतली नव्हतीस ना?"

मी पटकन "नाही" म्हणाले. लाज वाटली, दुसरं काय.

त्याने वेलाच्या बुंध्यावर हात ठेवला. म्हणाला, "मग हाच संपला. इतकी वर्षं इथे राहून याच्यात गावचं काही उरलं नाही." शनिवारी त्याने माणूस बोलावून वेल बुंध्यापासून कापायला लावला. मी बाळाला कडेवर घेऊन कुंपणापाशी उभी होते. करवत अर्ध्यात होती तेव्हाही सांगता आलं असतं. माझं तोंड उघडलं नाही.

डिसेंबरात तो गेला, त्याच समजुतीत.