दिल्लीचा शिक्का

लग्नानंतरची सहा वर्षं यांनी मला एकही पत्र लिहिलं नाही. पत्रं येत, पण ती मामंजींना. आमच्या घरची रीतच तशी. ‘तीर्थरूप बाबांचे चरणी साष्टांग नमस्कार’ इथून सुरू होऊन ‘घरातील सर्वांस यथायोग्य’ इथं संपायचं. त्या सर्वांत मी एकटीच होते; सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मामंजींना मोतीबिंदू, त्यामुळे वाचून दाखवायची मीच. आपल्या नवऱ्यानं दुसऱ्याला लिहिलेलं पत्र मोठ्यानं वाचायचं आणि शेवटच्या ओळीपाशी आवाज बदलू द्यायचा नाही, हे मला चांगलं जमायला लागलं होतं.

हे दिल्लीला परराष्ट्र खात्यात कारकून होते. स्वातंत्र्य आल्यावर देशोदेशी आपल्या वकिलाती उघडल्या आणि अठ्ठेचाळीस साली यांची बदली चीनला झाली. काम सांकेतिक तारांचं. दिल्लीहून आकडे यायचे, त्यांचे शब्द करायचे. तिथल्या साहेबांनी जे पाहिलं-ऐकलं ते लिहिलं, की त्या शब्दांचे आकडे करून दिल्लीला धाडायचे. जाण्याआधी वाईला घरी चार दिवस आले तेव्हा मी विचारलं, त्या तारांत असतं तरी काय. म्हणाले, खोलीबाहेर पडताना ते विसरायचं असतं. ही सवय घरच्या पत्रांतही उतरली. थंडी फार आहे, भात चिकट असतो, प्रकृती ठीक, एवढंच. तीन कारकुनांना मिळून एक खोली होती, तिथं बायकोची सोय नव्हती. आणि मामंजींना टाकून मी जाणार तरी कशी?

खरी पंचाईत केली ती शिक्क्यानं. वकिलातीतली पत्रं लाखेनं बंद केलेल्या सरकारी थैलीतून दिल्लीला येत आणि तिथं आपलंच तिकीट लावून टपालात पडत. म्हणजे चीनहून आलेल्या पाकिटावरही शिक्का दिल्लीचा. आमचा पोस्टमन भुईंजकडचा, बोलायला मोकळा. एकदा पाकीट उलटसुलट करून तो ओट्यावर बसलेल्या मामंजींना म्हणाला, “आवं अण्णा, चीनचं पत्र म्हंता, पर शिक्का तर दिल्लीचा हाय. मला काय पटत न्हाई.”

मामंजी कोर्टात नाझर होते. पुराव्याशिवाय त्यांनी जन्मात काही मानलं नव्हतं. यांनी पत्रातून कळवलेला थैलीचा नियम त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि सरकार कुणाची घरगुती पत्रं वाहून आणत नसतं, असा निकाल दिला. मुलानं दिल्लीत दुसरं बिऱ्हाड केलं, असं नदीच्या घाटावर बोललं जात होतंच. त्यांनी मला लिहायला सांगितलं: “तिकडचं एक तिकीट पाठव, मग मानीन.” ते माझ्याच हातानं लिहून घेताना त्यांना काही वाटलं नाही.

ते पत्र गेलं आणि थोड्याच दिवसांत, एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात, यांची वकिलात होती त्या शहरात सत्ता पालटली. येऊ घातलेल्या नव्या सरकारला मान्यता द्यायची की नाही, याचा दिल्लीत खल सुरू झाला. मान्यता नाही तोवर आमच्या वकिलातीला तिथं कुणी वकिलात मानेना, आणि थैलीही निघेना. पुण्याहून येणारं वर्तमानपत्र मी रोज वाचून दाखवायची. इतर देश काय करतात ते पाहू, नवं सरकार टिकतं का ते पाहू, असं महिनोन्महिने चाललं होतं. मामंजींना ते सगळं पटायचं. सोयरीक जोडायची तर चौकशी नको का, म्हणायचे. मला हसू यायचं आणि मग रागही यायचा. परक्या सरकारला ते लागेल तेवढी मुदत द्यायला तयार होते, पोटच्या पोराला मात्र एका तिकिटाचीही नाही.

भाद्रपदात मामंजी गेले. मी खात्याच्या पत्त्यावर तार करवली. उत्तर आलं, निरोप पुढे पाठवला आहे. अग्नी चुलत दिरांनी दिला. तेराव्याला आलेल्या बायका मला ऐकू जाईल इतपत हळू बोलत होत्या, की दिल्ली काही एवढी लांब नाही. मी पानं वाढत राहिले. त्या दिवशी मलाही वाटलं, हे दिल्लीतच आहेत. ज्यानं सहा वर्षांत माझं नाव कागदावर घातलं नाही, त्याला मी कितीशी ओळखत होते? पुढे घरात ऐकायला कुणी नसतानाही सकाळी ओट्यावर बसून मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची. तेवढाच दिवसभरातला माझा आवाज.

वर्ष संपता संपता मान्यतेची बातमी आली. नंतर काही आठवड्यांनी पोस्टमन एकदम सात पाकिटं घेऊन आला. सगळ्यांवर एकाच दिवसाचा शिक्का, दिल्लीचा. सहा मामंजींच्या नावाची. त्यातल्या पहिल्याच्या घडीत चिनी अक्षरांचं एक निळं तिकीट होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘आपल्या आज्ञेप्रमाणे’. पोस्टमननं ते उन्हात धरून पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं.

सातवं माझ्या नावाचं होतं. मामंजी गेल्याचा निरोप मिळाल्यावर लिहिलेलं. घरात पत्र घालायला दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून मला आलेलं ते पहिलं पत्र. चारच ओळी होत्या. शेवटच्या ओळीत विचारलं होतं, बाबांना शेवटी खरं वाटलं होतं का, ते कळव.

तीन दिवस मी कागद पुढ्यात घेऊन बसले. चौथ्या दिवशी लिहिलं, “हो, त्यांची खात्री होती,” आणि पाकीट दिल्लीच्या पत्त्यावर टाकलं. माझी होती का, हे यांनी विचारलं नव्हतं. पुढेही कधी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.